तळ्याने दिलेली नथ

करंजवाडी, शुक्रवार, २३ एप्रिल १९३७

चार दिवस आंबे खायला म्हणून बहिणीकडे आलो होतो. आज पंच झालो. साप्ताहिकाचा बातमीदार म्हणून मी आजवर गावोगावचे पंच पाहिले आणि त्यांची यथास्थित टिंगल छापली. त्या पापाचे माप इथल्या देवीने पदरात घातले असावे.

देवीचे तळे यंदा उपसायला काढले आहे. मोरी फोडून पाणी सोडले, उरलेल्यावर रहाट लावले, आणि आता पायऱ्यांच्या खाली काळा गाळ उघडा पडला आहे. गाळ शेतांना हवा आहे, म्हणून सगळ्यांनाच घाई. पण गाळात पाय घातला की काहीतरी टोचते. काल एका बाईला दुसरीचे जोडवे सापडले आणि दोघींच्या सासरमाहेरचा इतिहास तळ्याच्या काठावर जाहीर झाला. तेव्हा रावजी पाटलांनी ठरवले की सापडेल ते एका हंड्यात टाकायचे आणि हंड्यापाशी पंच बसवायचा.

"मामा, तुम्हीच बसा," ते मला म्हणाले. "तुम्ही गावातले न्हाय, आनी गावाबाहेरचे बी न्हाय." आक्काचा भाऊ म्हणून सारा गाव मला मामा म्हणतो. या नात्यात एवढे काम असते हे ठाऊक नव्हते.

देवीपुढे माझ्या हाताने नारळ ठेवला. नारळ ठेवला की गाळ संपेपर्यंत पंचाने गाव सोडायचा नाही, अशी इथली रीत आहे. ती मला नारळ ठेवल्यावर सांगितली.

रविवार, २५ एप्रिल

आज रेवसच्या बोटीने आक्काचे जावई आले. शरच्चंद्रराव मुंबईला विजेच्या कंपनीत आहेत. बरोबर एक यंत्र आणले आहे, स्वतः जुळवलेले. लांब दांडा, खाली पुरणपोळीएवढे तांब्याच्या तारेचे कडे, कमरेला विजेच्या पेटीचे ओझे आणि दोन्ही कानांवर काळ्या डब्या. कडे जमिनीवरून फिरवले की कानात गुणगुण होते, आणि खाली धातू असला की स्वर चढतो. मलाही ऐकवले. षड्जावरून एकदम पंचमावर गेले. खाली माझीच पानाची डबी होती.

ते आले आहेत नथीसाठी. गोदूच्या, म्हणजे आक्काच्या मुलीच्या लग्नात नवरीला द्यायची सात मोत्यांची नथ मुहूर्ताच्या सकाळी नाहीशी झाली. त्या वेळी आक्काकडे कामाला असलेली बायजा तळ्यावर भांडी घासायला गेली होती, म्हणून तिने नथ चोरली किंवा तळ्यात पाडली असा तिच्यावर आळ आला. तिने देवीपुढे बेल उचलून सांगितले की नथ माझ्या हाताला लागलीच नाही. आमचे भावोजी तेव्हा गावाचे मुख्य. त्यांनी निवाडा दिला: नथ मिळेपर्यंत बायजाने तळ्याची पायरी उतरायची नाही. भावोजी गेले, निवाडा राहिला. बायजा अजून पाणी पार डोंगराकडच्या विहिरीवरून आणते.

इकडे शरच्चंद्ररावांच्या मातोश्री सुनेच्या रिकाम्या नाकाकडे बघून इतकी वर्षे जे बोलतात, ते ऐकून कोणीही यंत्र बनवले असते.

आता बायजाच्या केसरला खाडीपलीकडचे एक चांगले स्थळ आले आहे. मुलाच्या बापाने निरोप धाडला आहे, तळे उपसतेच आहे, नथ निघाली तर चोरी नव्हती म्हणू आणि पुढची बोलणी करू. नाही निघाली तर राम राम. म्हणजे एका मुलीचे लग्न आता तारेच्या कड्यावर टांगले आहे.

मंगळवार, २७ एप्रिल

दिवसभर खिळे.

यंत्र गाते, शरच्चंद्रराव हात वर करतात, भागोजी मुकादम फावडे मारतो, आणि बाहेर येतो खिळा. संध्याकाळी भागोजी गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "जावय, यंत्र ब्येस हाय. देवळाचं छप्पर परत घालू आता."

हंड्यात एक तोटी, दोन शिवराया आणि एक घुंगरू. मी घुंगराचा पंच आहे.

बुधवार, २८ एप्रिल

आमच्या घराण्यात सासू जावयाशी समोर बोलत नाही. दाराआडून बोलते, आणि तेही मध्ये कोणाला तरी घालून. आज तो मध्यस्थ मी होतो. आक्का स्वयंपाकघराच्या दाराआड, जावई माजघरात पाटावर, मी उंबऱ्यावर. दोघांत तीन हातांचे अंतर, पण प्रत्येक वाक्य माझ्यावरून जायचे.

"बापू, विचार त्यांना, यंत्राला सोनं नि लोखंड वेगळं कळतं का?"

"मामा, सासूबाईंना सांगा, नाही. धातू तेवढा कळतो."

"विचार, किती खोल?"

"सांगा, हातभर."

"विचार, एकदा बघून झालेली जागा पुन्हा बघतात का?"

"शंका आली तर बघतो."

"शंका कशानं येते, विचार."

मला हसू आले. "आक्का, न्यायशास्त्र शिकायला पाठशाळेत तुला घालायला हवं होतं. वडिलांनी उगाच माझ्यावर तांदूळ खर्च केले." आतून भात आला, आणि तो खाली लागलेला होता.

जेवणानंतर शरच्चंद्रराव यंत्र तपासायला घरातच फिरवू लागले. देवघराशी घंटा बोलली, कोठीशी कोयता बोलला. ते आतल्या खोलीकडे, आक्काच्या ट्रंकेकडे वळले, तर आक्का आधीच दारात पाट टाकून बसलेली. "बापू, सांग त्यांना, ही सोवळ्याची खोली आहे." आक्काचे सोवळे अलीकडे फारच कडक झाले आहे. काल याच खोलीत तिने मला आंबे निवडायला बसवले होते.

बिचारी. नथ गेली तेव्हा ती सौभाग्यवती होती, आता स्वतःला उपयोग नाही, तरी सोन्याचा जीव सुटत नाही. एखादी जागा राहून जाईल अशी तिला धास्ती वाटते.

शनिवार, १ मे

दुपारी बायजा आली. तळ्याच्या कडेच्या करंजाखाली उभी राहिली, पहिल्या पायरीपासून दोन पावले लांब. तिथल्या जमिनीवर रेघ नाही, पण तिच्या पायाला ती दिसते. हातात रिकामा हंडा.

"निघल का, मामा?"

"निघावी. तुझं बरं होईल."

"निघल कशी? माझ्या हातून पडलीच न्हाय, तर निघल कुठनं?"

"मग निघू नये म्हणतेस?"

"तसं कसं म्हनू?" तिने हंडा या हातातून त्या हातात घेतला. "केसर म्हनते, आये, निघू दे. सोयरे म्हनतात, निघू दे. म्या बी देवीला म्हटलं, निघू दे बाई, कशी बी."

ज्या नथीचे पडणे ती नाकारते तिचे निघणे ती मागते. पर्वतावर धूर दिसला तर अग्नी आहे एवढे अनुमान मी शिकलो. अग्नी नाही पण धूर निघावा, याला आमच्या शास्त्रात जागा नाही. मी तिला तसे म्हटले नाही. ती जाताना विचारून गेली, "काकी कशा हायत?" आक्काला ती काकी म्हणते. मी म्हटले, बरी आहे, जरा चिडचिडते. बायजा म्हणाली, "उन लई हाय."

मंगळवार, ४ मे

संपादकांची तार. मी मुंबईला केव्हा पोहोचतो, विचारतात. तार घेऊन रावजी पाटलांकडे गेलो. त्यांनी ती उलटी धरून वाचली, आदराने परत दिली आणि म्हणाले, "मामा, नारळ ठेवलाय तुम्ही."

सकाळी बसतो ती करंजाची सावली दुपारी पलीकडे जाते, पण हंडा जड म्हणून मी हलत नाही. गाळाला असा वास की आंब्यालाही तोच लागतो. मासे संपले, बगळे गेले. ज्याला जाता येते तो जातो. शरच्चंद्ररावांची रजा संपत आली आहे, तेही अडकलेत. मातोश्रींना रिकाम्या हाताने कसे सामोरे जायचे? भागोजीची माणसे अडकलीत. रहाटाचे बैल तेवढे सुटले, कारण उपसायला पाणी राहिले नाही. भांडी घासायच्या दगडाशी खड्ड्यात थोडे हिरवे पाणी आहे, तेवढेच.

तो दगड म्हणजे बायजा बसायची ती जागा. तिथे यंत्र दोनदा फिरवून झाले. काही नाही.

मुलाचा बाप येऊन गेला. काठावर उभा राहिला आणि हंड्यात डोकावला. रावजींनी सांगितले, शनिवारी शेवट. मग मोरी बंद.

गुरुवार, ६ मे

आक्का दोन दिवस नीट जेवत नाही. कारण विचारले तर म्हणाली, उन्हाळा. बायजाही उन्हालाच दोष देत होती. या गावात उन्हाला फार कामे.

आज सकाळी मी देवांची पूजा केली, तगरीची दोन फुले वाहिली. थोड्या वेळाने आक्का परडी घेऊन निर्माल्य तळ्यात सोडायला निघाली. परडी काठोकाठ भरलेली. मी म्हटले, "अगं, तळ्यात पाणी कुठे आहे? आणि दोन फुलांना एवढी परडी?" ती म्हणाली, "सवय आहे." मग खड्ड्यातल्या हिरव्या पाण्याशी बराच वेळ वाकून उभी होती. मी लांबून हंडा राखत होतो. म्हातारपणी मनुष्य सवयींवर जगतो, असे एक वाक्य सुचले. लेखात घालीन.

शनिवार, ८ मे

निघाली!

सकाळी आक्काने मला सांगितले, "बापू, त्यांना म्हणावं, दगडाशी पुन्हा एकदा बघा. मला स्वप्न पडलं." मी सांगितले. शरच्चंद्ररावांचा स्वप्नावर विश्वास नाही, पण सासूबाईंचा शब्द मोडवेना. चिडून तिथे कडे टेकवले, आणि यंत्राने असा पंचम लावला की त्यांनी डब्या कानावरून उपटल्या. भागोजीने हातानेच चाचपले, नथ वर आली. सातच्या सात मोती. भागोजीने ती डोक्याला लावली, मग हंड्यात न टाकता माझ्या तळहातावर ठेवली. मुकादमाच्या डोळ्यांत पाणी मी प्रथमच पाहिले.

गावभर हाका. मी तिथेच बसून पंचनामा लिहिला, अमुक दगडापासून अमुक अंतरावर, पंचांसमक्ष. खाली सही. मोत्यांना गाळाचा डागही नाही, तार चकचकीत. शरच्चंद्ररावांना आश्चर्य वाटले. मी त्यांना समजावले की मोती पाण्यातच जन्मतो, पाणी त्याला काय करणार? आणि सोने तर अग्नीलाही पुरून उरते. त्यांनी मान हलवली. विद्येचा हा फायदा असतो.

रावजींनी दोन्हीकडे निरोप धाडले. उद्या देवळासमोर बैठक. आक्का आज पोटभर जेवली. मी उद्या दुपारच्या बोटीला!

रविवार, ९ मे

बोट गेली. मी गेलो नाही.

देवळासमोर सगळे जमले. बायजा आणि केसर एका बाजूला, मुलाचा बाप दुसऱ्या बाजूला. शरच्चंद्रराव यंत्रासकट. आक्का देवळाच्या खांबाआड, कारण समोर जावई. मी पंचनामा मोठ्याने वाचला. आवाज चांगला लागला होता.

रावजी म्हणाले, "देवी पावली. चोरी न्हाय. घासताना हातनं पडली, भ्याली, बोलली न्हाय. बायजे, नारळ फोड, चूक झाली म्हन, आनी उद्यापासनं पायरी उतर."

बायजा उठली नाही. "कशाची चूक?"

"पडली त्याची."

"माझ्या हातनं पडली न्हाय. माझ्या हाताला ती लागलीच न्हाय. त्या टायमाला बेल उचलून हेच बोलले, आताबी हेच बोलते."

"अगं, नथ तुझ्या दगडापाशी निघाली! मामांनी लिवलंय!"

सगळे माझ्याकडे वळले. मी पंचनाम्याकडे पाहिले. अक्षर सुवाच्य होते.

मग मुलाचा बाप पहिल्यांदा बोलला. सावकाश बोलला, रागाने नाही. "चोरीचं म्या सोडलं होतं. पर ही देवीम्होरं बेल उचलून खोटं बोलली, आनी देवीनंच तिला उघडं पाडलं. खोट्या शपथंच्या घरची पोर मी नेऊ कशी? माझी बी पोरं-बाळं हायत." त्याने पागोटे उचलले.

केसर आईचा हात ओढून म्हणाली, "आये, म्हन ना पडली म्हनून! म्हन की!"

"त्ये म्हटलं तर शपथ खोटी," बायजा म्हणाली. "न्हाय म्हटलं तर म्या खोटी. कुनीकडनं जाऊ, सांग."

माझ्या डोक्यात तेवढ्यात काहीतरी हलू लागले होते, परडी, तगरीची दोन फुले, स्वच्छ तार. धूर केव्हापासून डोळ्यांत जात होता. पण मी तोंड उघडण्याआधी आक्का खांबाआडून बाहेर आली. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि माझ्यावरून नजर काढून सरळ जावयासमोर उभी राहिली.

"शरच्चंद्रराव," ती म्हणाली.

ते गडबडून उठले. यंत्र आडवे पडले.

"शरच्चंद्रराव, नथ मी टाकली. गुरुवारी, निर्माल्यात घालून. ती तळ्यात कधीच पडली नव्हती. लग्नाच्या सकाळी मीच शालूच्या घडीत ठेवली आणि विसरले. हे गेल्यावर ट्रंक उपसली तेव्हा मिळाली. तेव्हा सांगितलं असतं तर ह्यांचा निवाडा खोटा ठरला असता, आणि ते उत्तर द्यायला नव्हते. म्हणून ठेवली. आता वाटलं, तळ्यानं दिली म्हणजे सगळ्यांचं राहील." मग ती बायजाकडे वळली. "तू बेल उचलून काय म्हणालीस, ते मी त्या दिवशी ऐकलंच नव्हतं. मला वाटलं, नथ निघाली की सुटलीस."

मुलाचा बाप पागोटे हातात घेऊन आधीच निघाला होता. त्याने किती ऐकले कोण जाणे, तो तोवर पिंपळापाशी पोहोचला होता.

शेवटी शरच्चंद्रराव माझ्याकडे वळून म्हणाले, "मामा, सासूबाईंना सांगा... सांगा की..." आणि थांबले.

सोमवार, १० मे

सकाळी बायजा दारात. आज ती अंगणात आत आली. हंडा नव्हता.

"काकी, चला."

"कुठे?"

"सोयऱ्यांच्या गावाला. काल हितं बोललात, हितल्यांला कळलं. तिथं कोन सांगल?"

आक्का भावोजी गेल्यापासून तळ्यापलीकडे गेलेली नाही. मी मध्ये पडलो, सवयच. म्हटले, मी सगळे व्यवस्थित लिहून देतो, पंच म्हणून सही करतो.

"मामा," बायजा म्हणाली, "तुमी लिवलेलं बघितलं."

खाडीला वळसा घालून जायचे, म्हणून गाडी जुंपली. आक्का बसली, मी बसलो; बायजा बसेना. पुढे चालत राहिली. आक्काने दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा हाक मारली नाही, गाडी थांबवून उतरली आणि बायजाच्या मागून चालू लागली. मी उतरायला गेलो तर आक्का म्हणाली, "तू बस. तुझं यात काही नाही." एका माणसाची बैलगाडी, आणि पुढे दोन बायका.

घरासमोर मुलाचा म्हातारा बाप दोर वळत बसला होता. त्याने आक्काला ओळखले आणि उठून पाट मागवला. आक्का बसली नाही. अंगणात उन्हात उभी राहून तिने काल सांगितलेले सगळे पुन्हा सांगितले, शालू, ट्रंक, परडी. आवाज बारीक झाला होता.

तिचे संपले तेव्हा बायजा म्हणाली, "काकी, परत सांगा. मोठ्यानं. आत बायका हायत."

आक्काने एकदा डोळे मिटले. मग मोठ्याने सांगितले. शेजारच्या अंगणात कांडप थांबले, एवढ्या मोठ्याने. "बायजाची शपथ खरी होती," हे वाक्य काल नव्हते.

म्हातारा दोराकडे पाहत राहिला. आतून त्याची बायको बाहेर आली, हात पदराला पुसत. तिने आक्काकडे पाहिलेही नाही.

"विहीणबाय," ती बायजाला म्हणाली, "उनात कशाला उभ्या? आत या."

बायजा आत गेली. उंबऱ्यावर थांबली नाही, मागे वळली नाही. म्हाताराही तिच्यामागून गेला. आतून बोलणी ऐकू येऊ लागली, तारीख, मांडव, मग कोणीतरी हसले.

आक्काला कोणी आत बोलावले नाही, आणि तिला आपणहून निघताही येईना. पाट तिच्या समोर तसाच होता. मी गाडीतून उतरलो आणि तिच्या शेजारी जाऊन उन्हात उभा राहिलो.